मेथीतला रविवार

रावसाहेबाने पायलच्या कानाखाली वाजवली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि कालव्याच्या भरावावरून पाच-सात माणसं कामावर चालली होती. त्यांनी बघितलं आणि चालायचा वेग जरा वाढवला. पुण्याजवळच्या मांजरी गावात हल्ली उसापेक्षा इमारती जास्त उगवतात, माणसांना घाई असते. पायल पाटात पडली. बारावीची पोर, अंगात कॉलेजचा ड्रेस, कोपरापर्यंत चिखल आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक धार.

तिचा गुन्हा एवढाच, की सख्खा चुलता बांधाचे दगड उपटत होता आणि ती फोनवर त्याचं शूटिंग करत होती.

तिची आई चंपा मेथीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची दारं धरत होती. हातातल्या खोऱ्यासकट ती धावत आली. रावसाहेबाने तिला जवळ येऊ दिलं आणि कमरेत लाथ घातली. ती बसकण मारल्यासारखी खाली बसली. खोऱ्याच्या दांड्यावर तिचा हात होता, त्या हातावर त्याने बूट ठेवला आणि हळूहळू भार दिला.

"सोमवारी मोजणीवाले येत्यात," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "त्येंना हितं रस्ता दिसला पायजे. मेथी काय, तू बी हितं दिसू नको."

मग त्याने पायलचा फोन पाटात टाकला, बूट झटकले आणि गेला.

भांडण आठ गुंठ्यांचं होतं. डांबरी सडक आणि रावसाहेबाचं दोन एकराचं रान यांच्यामध्ये ही चिंचोळी पट्टी आडवी पडली होती. वाटणीत ती धाकट्याला, म्हणजे चंपाच्या नवऱ्याला, रामदासला मिळाली. तेव्हा थोरला हसला होता, कारण तेव्हा तिथे पाणी साचायचं. आता त्याला दोन एकरांचे प्लॉट पाडायचे होते आणि प्लॉटला रस्ता लागतो. रामदास जिवंत होता तोवर त्याने आडून आडून विचारलं. दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डात बटाट्याच्या पोत्यांची थप्पी अंगावर येऊन रामदास गेला, तेव्हापासून रावसाहेबाने विचारणं सोडून दिलं.

चंपा सदाशिव पेठेतल्या एका वकिलाकडे जाऊन आली होती. वकिलाने चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, की कागद तुमच्याकडे आहे, पीकही तुमचंच उभं आहे, मोजणी होईपर्यंत ते तसंच उभं ठेवा. कोणी आडवं केलं तर काय, असं तिने विचारलं. "तर ते आडवं दिसेल," वकील म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

म्हणून मेथी काढायला आली होती तरी चंपाने काढली नव्हती. बारा वाफे, गुडघ्याच्या जरा खाली, पानं गर्द हिरवी, पहाटे दव पडलं की त्यात उभं राहावंसं वाटावं अशी. आणखी तीन दिवस तिला उभं ठेवायचं होतं. एवढंच काम होतं आणि तेच एकटीच्याने होण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी कानात बघून पडदा फाटल्याचं सांगितलं. चौकीवर पोलिसांनी अर्ज लिहून घेतला आणि भावकीतलं आहे, समजुतीनं घ्या असा सल्ला दिला. भावकीतली माणसं चंपाला वाटेत भेटली आणि त्यांनी मूग गिळले. एका चुलतसासऱ्याने मात्र तोंड उघडलं. ती त्या पोल्ट्रीत गाणी म्हणायला जाते, तेव्हा तिचं आता त्यांनीच बघावं, असं तो म्हणाला.

त्या पोल्ट्रीचं सांगायला हवं.

कालव्याच्या पलीकडे पत्र्याची एक लांबट शेड आहे. पूर्वी तिथे कोंबड्या होत्या. आता तिथे दर रविवारी सकाळी नऊ वाजता एकतीस माणसं ख्रिस्ती उपासनेला जमतात. पावसाळ्यात अजूनही कोंबड्यांचा वास येतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि बहुतेक बायका भाजी काढायच्या कामावर जातात. मेथी, कोथिंबीर, पालक उपटायचा, जुड्या बांधायच्या, पाट्या भरून टेम्पोत चढवायच्या.

रामदास गेल्यावर पंधराव्या दिवशी चंपा कामावर गेली, पण तिच्याने काही होईना. वाफ्यात बसली ती बसूनच राहिली. हातात मेथीचं एक रोप आणि नजर त्याच्या मुळावर. शेजारच्या ओळीत बायडाबाई होती. साठीची, काटकुळी, नगरकडची, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती घरातली. आपली ओळ काढून झाल्यावर तिने चंपाची ओळ काढली, जुड्या बांधल्या आणि मुकादम मोजायला आला तेव्हा त्या चंपाच्या नावावर सांगितल्या. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी चंपाने स्वतः पहिली जुडी बांधली, तर बायडाबाईने ती हातात घेऊन हलवली आणि सैल आहे म्हणून परत दिली. चंपाला तेव्हा नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडू आलं.

पुढच्या रविवारी ती बायडाबाईबरोबर शेडमध्ये गेली. उपासना चालवणाऱ्या पाळकांचं बोलणं तिला फारसं समजलं नाही. समजलं ते उपासना संपल्यावर. या मंडळीत एक रीत आहे. शेडला दार एकच. पाळक आधी बाहेर येऊन उभे राहतात, बाहेर पडणारा त्यांचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणतो आणि त्यांच्या शेजारी उभा राहतो. त्याच्या पाठचा दोघांना सलाम करतो आणि तिसरा होऊन उभा राहतो. ओळ लांबत जाते आणि शेवटी प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हाताला लागलेला असतो. कोणाशी अबोला असला तरी सुटका नाही, दार एकच आहे.

त्या दिवशी चंपाच्या हाताला एकतीस हात लागले. चिरा पडलेले, हिरवे डाग न जाणारे, एक तर अर्ध्या बोटाचा. कपाळ रिकामं झाल्यापासून बायका तिच्या हातातून हळदीकुंकवाचं ताट काढून घेत होत्या, आणि इथे लोक रांगेने तिचा हात धरत होते. ती दर रविवारी जाऊ लागली. तिने बाप्तिस्मा घेतला नव्हता, कोणी घे म्हणूनही मागे लागलं नव्हतं. घरातल्या फळीवरचे देव तिने जागचे हलवले नव्हते. रावसाहेबाला यातलं सगळं ठाऊक होतं, तरी तिने धर्म बुडवला अशी हाकाटी त्याने भावकीत पिटली होती. पट्टी बळकावण्यापेक्षा ते सांगायला बरं दिसत होतं.

शनिवारी दुपारी पायल गिरणीवर दळण आणायला गेली, तेव्हा ट्रॅक्टरवाला श्याम तिच्याजवळ आला. रामदासचा जुना दोस्त, पण हप्त्याच्या ट्रॅक्टरमुळे कोणालाच नाही म्हणायची ताकद नसलेला. त्याने दुसरीकडे बघत सांगितलं, की उद्या दहा वाजता तुझ्या चुलत्याने मला मेथीवर रोटर फिरवायला बोलावलंय, मागून मुरमाच्या गाड्या आहेत, आणि मी तुला काही बोललेलो नाही.

"उद्याच का?" पायलने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चंपाने विचारलं.

"मम्मी, उद्या संडे आहे," पायल म्हणाली. तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून ती मोठ्याने बोलत होती. "ते सगळे चर्चमध्ये असणार. रावसाहेबतात्याला माहितीये."

सगळ्या मांजरीलाच माहीत होतं. ही मंडळी रविवारी हत्याराला हात लावत नाहीत. खुरपं नाही, विळा नाही, पाटी नाही. भाजी फुलावर आली, शेतकरी दारात येऊन हातापाया पडला, तरी नाही. आठवड्यातले सहा दिवस चंपाच्या रानात कोणी ना कोणी येऊन जाऊन असायचं. सातव्या दिवशी नऊ ते अकरा तिथे चिटपाखरू नसायचं आणि स्वतः चंपाही पोल्ट्रीत असायची. रावसाहेबाने वेळ नीट शोधली होती.

चंपा तशीच पाळकांकडे गेली. पाळक अभय रणपिसे शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. चौतिशीचा किडकिडीत माणूस, शिकवण्या घेऊन घर चालवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. तिने सगळ्यांना घेऊन उद्या रानात येऊन बसा म्हणून विनवलं. त्याने उद्या प्रभूचा दिवस आहे असं सांगितलं. मग खरं तेही सांगितलं. शेडचा मालक रावसाहेबाच्या उठण्याबसण्यातला होता, गेल्या वर्षी पत्र्यावर दगड पडले होते, आणि आपली मंडळी कोणाच्या जमिनीच्या भांडणात उतरली असं झालं तर ही जागाही जाईल. आपण उपासनेत तुमच्यासाठी खास प्रार्थना करू आणि सोमवारी पहाटे सगळे येऊ, असं तो म्हणाला.

"सोमवारी काय माती बघायला येताय?" चंपा म्हणाली. "मला वाटलं, हितं माझं कुणी हाय. पाळकसाहेब, तुमचा बी रविवार माझ्या दिरालाच कामाला आला बघा."

ती बाहेर पडली तेव्हा तिला रडू येत नव्हतं. डोकं नुसतं तापलं होतं. दोन वर्षं ज्या हातांवर विसंबली ते हात मांडीवर घडी घालून बसणार होते. घरी येऊन तिने वळचणीतला विळा काढला आणि न्हाणीच्या दगडावर घासायला बसली. पायलने तो कशाला म्हणून विचारलं. गवताला, असं चंपाने सांगितलं.

रविवारी साडेनऊला दोघी मायलेकी बांधावर जाऊन बसल्या. पलीकडून पेटीचा आणि टाळांचा आवाज येत होता. चंपाला तो ऐकवेना. दहाला पाच मिनिटं कमी असताना सडकेवरून ट्रॅक्टर वळला, मागे रोटर उचललेला. मोटारसायकलवर रावसाहेब आणि दांडकी घेतलेली दोन माणसं.

"गेली न्हाईस का सलाम करायला?" तो म्हणाला. "बरं झालं. डोळ्यांनी बघ."

त्याने हात केला. श्यामने चंपाकडे बघितलं नाही. रोटर खाली आला आणि पहिल्या वाफ्यात घुसला. पाती फिरायला लागली तसा हिरवा वास एकदम उठला. इतका दाट, की पायलला खोकला आला. मागे नुसती काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात चिरडलेली पानं. पहिला वाफा गेला, वळण घेऊन दुसरा गेला.

चंपा ट्रॅक्टरपुढे धावली. दांडकेवाल्याने तिच्या पिंढरीवर फटका मारला. ती कोलमडली, उठली, दुसरा फटका त्याच जागी बसला. रावसाहेबाने तिचा अंबाडा धरला आणि तिला फरफटत बांधाकडे नेलं. केस मुळापासून सुटत असल्याचं तिला कळत होतं. पायल चुलत्याच्या पाठीवर पडली, त्याच्या दंडाला चावली. त्याने तिला झटकलं आणि फुटक्या कानावरच पुन्हा मारलं. पोर वेडीवाकडी पडली आणि कान धरून गोल झाली. तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही. तिसरा वाफा गेला.

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज बदलला. श्यामने गाडी थांबवली होती.

कालव्याच्या भरावावरून माणसं उतरत होती. सगळ्यांत पुढे बायडाबाई, डोक्यावर पदर, हातात काही नाही. तिच्या मागे बायका, बायकांच्या मागे पुरुष, कोणाच्या काखेत उपासना-संगीताचं पुस्तक तसंच राहिलेलं. शेडमध्ये काय झालं ते नंतर कळलं. पाळक प्रार्थनेत चंपाचं नाव घेऊन बोलत होते. बायडाबाई आमेन होईपर्यंत थांबली नाही. डोळे मिटलेल्या मंडळीत ती उठली, रोटरचा आवाज ऐकू येतोय, मी निघाले, एवढंच म्हणाली आणि चपला घालायला लागली. आधी दोघी उठल्या, मग बाक सरकल्याचा एकच आवाज झाला. पाळकांनी डोळे उघडले तेव्हा समोर रिकामे बाक होते.

ती माणसं मेथीत आली आणि बसली. एकेका वाफ्याच्या तोंडाशी तीन-तीन, चार-चार, मांडी घालून, हात मांडीवर. कोणी कसल्याही हत्याराला शिवलं नाही. पाळक सगळ्यांत शेवटी धापा टाकत आले आणि चौथ्या वाफ्यात, ट्रॅक्टरच्या तोंडाशीच बसले.

"बसणं हे काही काम नाही," ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

"श्याम, गाडी घाल," रावसाहेब म्हणाला.

श्यामने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "रानावर घालीन, मानसांवर न्हाई घालायचो," तो म्हणाला आणि सडकेच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मग दांडकी चालली. बसलेल्या माणसाला मारणं सोपं असतं, त्यामुळे फटके भराभर पडले. एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर, एका बाईच्या पाठीवर. पाळकांच्या तोंडावर रावसाहेबाने स्वतःच बूट मारला. ते मागे पडले, तोंडात हात घालून एक दात काढला, तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा मांडी घालून बसले. कोणी पळालं नाही. कोणी उलट हातही उचलला नाही. एक बाई रडत होती आणि बसली होती. मारणाऱ्या दोघांचे हात सैल पडायला लागले. त्यातला एक शेवटी दांडकं खाली टेकवून नुसताच उभा राहिला.

रावसाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ट्रॅक्टरवर चढायला गेला. किल्ली तिथेच होती. एक पाय पायरीवर, दोन्ही हात स्टिअरिंगला, पाठ आणि मान चंपाकडे.

चंपाला त्याची मान दिसली. कॉलरच्या वर दोन बोटं, घामाने ओली. तिने गवतात ठेवलेला विळा कधी उचलला ते तिला नंतर आठवलं नाही. बाकी सगळं आठवत होतं. आपण दोन पावलं धावलो, हात पाठीमागून वर नेला आणि पूर्ण जोराने खाली आणला. मारायचंच होतं. भीती घालायची नव्हती, हात तोडायचा नव्हता, मान तोडायची होती.

विळा मानेपर्यंत पोचला नाही. मध्ये ट्रॅक्टरपाशीच बसलेल्या बायडाबाईचा हात आला. तिने पातं मुठीत धरलं, नुसत्या हाताने, आणि चंपाने ते ओढलं.

रक्त मेथीवर पडलं. आधी थेंब, मग धार. बायडाबाई ओरडली नाही. "सोड," एवढंच म्हणाली. चंपाने विळा सोडला. रावसाहेब वळला तेव्हा त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर ती मूठ होती, बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं आणि मुठीत विळ्याचं पातं होतं.

तो कितीतरी वेळ त्या मुठीकडेच बघत राहिला. मग पायरीवरून उतरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण डोकं चालू झालं होतं.

"मला मारत होती ही," तो म्हणाला. "खून करत होती. तुमी सगळ्यांनी बघितलंय. घालतो आत."

पाळक उठून पुढे आले. त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळलं होतं आणि बोलताना पडलेल्या दाताच्या जागेतून हवा जात होती.

"बघितलं," ते म्हणाले. "विचारलं तर आम्ही सांगू, चंपाताईंनी तुमच्या मानेवर विळा उगारला होता. आम्हाला खोटं बोलता येत नाही. त्याआधी काय काय झालं, तेही सांगू. एकतीस जण सांगू. चला चौकीवर, मीही येतो."

चंपाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला तुरुंगात घालणार. आणि त्याच वेळी हेही वाटलं, की हा आता कोणाला भीत नाही. रावसाहेबाने एकेका चेहऱ्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्याला फोडता येतं, दाबता येतं. या माणसांचं काय करायचं ते त्याला सुचेना. तो चौकीवर गेला नाही. मोटारसायकलला तीनदा किक मारून तो निघून गेला. दांडकेवाले चालत गेले. मुरमाच्या गाड्या सडकेवरूनच वळल्या.

दवाखान्यात बायडाबाईच्या हाताला चौदा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटांच्या शिरा तुटल्यात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटणार नाहीत. तिने मान डोलवली. बातमी लागून हवालदार आला आणि त्याने विळा कोणाचा म्हणून विचारलं.

"इळा हिचा, हात माझा," बायडाबाई म्हणाली. "ही दिराला मारीत हुती, म्या मधी धरला. माझी तक्रार न्हाई. पन दिरानं पोरीचा कान फोडलाय, त्येची हाय. ल्ह्या."

हवालदाराने लिहिलं. तो गेल्यावर चंपा खाटेच्या पायाशी उभी राहिली. तिच्या नखांत अजून वाळलेलं रक्त होतं. तिला पाया पडायचं होतं, पण तिथपर्यंत जायचा धीर होईना. जुड्या बांधायला दोन हात लागतात. एकाने रोपं दाबून धरायची, दुसऱ्याने दोरा आवळायचा. बायडाबाईला या कामाशिवाय दुसरं काम येत नव्हतं.

"रविवारी हत्याराला हात लावला, दुसरं काय हुयाचं," बायडाबाई डोळे मिटून म्हणाली. ती थट्टा होती. चंपाला हसू आलं नाही. ती तशीच बाहेर निघून गेली.

सोमवारी मोजणी झाली. नऊ वाफे उभे आणि तीन माती झालेले, असं बघून मोजणीवाल्याने पिकाखालची वहिवाट चंपाची अशी नोंद केली. रावसाहेब लांब उभा राहून बघत होता. दुपारी मंडळीतल्या बायका आल्या आणि त्यांनी नऊ वाफे काढून दिले. कोणी एक शब्द विचारला नाही. चंपा त्यांच्या ओळीत बसली नाही. ती एकटी माती झालेल्या वाफ्यांत कुदळ मारत राहिली, अंधार पडेपर्यंत, पिंढरी सुजून टुम्म झाली होती तरी. जमीन वाचली होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ज्या बाईने आपल्याला अकरा दिवस उचलून धरलं, तिचा हात आपण कापला. त्या ओळीत आता कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

पुढच्या रविवारी ती जाणारच नव्हती. पायलने आईची साडी काढून ठेवली आणि तू येणार नसलीस तर मी एकटी जाते, असं सांगितलं. पोर आजवर कधी त्या शेडमध्ये गेली नव्हती. फोन, कॉलेज, मैत्रिणी, तिला या म्हाताऱ्यांच्या गाण्यांचं हसू यायचं. कानात कापसाचा बोळा घालून ती दारात उभी राहिली. चंपा मुकाट्याने तिच्यामागे निघाली.

चंपा शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसली. पाळकांनी त्या दिवशी उपदेश केला नाही. मी घाबरलो होतो, मंडळीतल्या एका म्हातारीने मला माझं काम दाखवलं, एवढंच बोलून ते खाली बसले. गाणं झालं, आशीर्वाद झाला. चंपाने डोळे उघडले तशी ती दाराकडे सरकली. रीत सुरू व्हायच्या आत निघून जायचं होतं. पण पाळक तिच्याही आधी बाहेर येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला. "सलाम, चंपाताई," ते म्हणाले. तिने हात दिला. आता ओळीत उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एकेक माणूस बाहेर येऊ लागला. काळानिळा पडलेला खांदा सांभाळत म्हातारा आला, त्याने हात धरला. पाठीवर फटका खाल्लेली बाई आली. पायलही सगळ्यांसारखी रांगेतून आली आणि आईला सलाम म्हणाली, जरा मोठ्यानेच. चंपा प्रत्येकाच्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे बघत नव्हती.

मग समोर पट्टी बांधलेला हात आला.

उजवाच. डावा चांगला होता, तो देता आला असता. चंपाने मान हलवली. हात तसाच पुढे राहिला. मागची ओळ थांबली, कोणी घाई केली नाही. शेवटी चंपाने दोन्ही हातांनी तो धरला, अगदी हलका. पट्टीतून बाहेर आलेली अंगठ्याजवळची बोटं तिच्या हाताभोवती मिटली. दोन तशीच ताठ राहिली. चंपाचा बांध फुटला आणि ती एवढ्या माणसांत हुंदके देऊन रडू लागली.

"आक्का, म्या तुमचं हातावरचं प्वाट कापलं," ती म्हणाली.

"व्हय, कापलंस," बायडाबाई म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही. "उद्या पाटंचं पाचला ये. वाण्याच्या मळ्यात कोथमीर हाय. म्या उपटीन, जुड्या तू बांधायच्या, तुझ्या बी आन माझ्या बी."

चंपाने होकार दिला.

"आन सैल बांधू नको," बायडाबाई म्हणाली आणि पुढच्या माणसाला सलाम करायला सरकली.